कांचतंतूच्या कवचाला भोक पाडतांना

वैशाखांत अकोला-अमरावतीकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जाऊं लागला म्हणजे घरोघर कूलर बाहेर निघतात. त्यांपैकीं कांहींचें कवच लोखंडी पत्र्याचें नसून फायबरग्लासचें असतें. त्याला नव्या नळीसाठीं भोक पाडावयास बसलेल्या गृहस्थास एक चमत्कारिक अनुभव येतो. भोक पडतें खरें. परंतु त्याच्या कडेचे टवके उडतात, आणि केसासारख्या बारीक चिरा चांदणीच्या आकारानें चोहोंकडे पसरतात. कूलरला हें खपून जातें. मोटारीला खपत नाहीं.

कारण तेंच द्रव्य मोटारीच्या अंगावरही असतें. अमेरिकेंतील ‘शेव्हरोले कॉर्व्हेट’ ही मोटार 1953 सालीं फायबरग्लासचें कवच घेऊन आली. इंग्लंडांत 1957 सालीं निघालेली ‘लोटस सेव्हन’ घरीं जुळविण्यासाठीं सुट्या भागांच्या रूपानेंही विकली जात असे; तिच्याच धर्तीवरची ‘चिंकारा रोडस्टर’ पुढें अलिबागजवळ कार्लेखिंडींत घडली, आणि तिचें कवच फायबरग्लासचें होतें. पोलादी पत्रा दाबण्याचे साचे अतिशय महाग. थोड्या मोटारी करणारास ते परवडत नाहींत. फायबरग्लासला एक साचा आणि कुशल हात पुरतात. मात्र दिवे, आरसे व कुलपें यांसाठीं लागणारीं भोकें पुष्कळदां जुळविणारासच पाडावीं लागतात.

चिरा कां पडतात, हें वऱ्हाडांतल्या माणसाला समजावून देणें सोपें आहे. गादींतला पिंजलेला कापूस दाबून, खळींत भिजवून वाळविला, तर जें होईल तसें हें द्रव्य आहे. कापसाच्या जागीं कांचेचे तंतू आणि खळीच्या जागीं रेझिन. तंतूंमुळें त्याला चिवटपणा येतो. परंतु बाहेरचा तुकतुकीत थर, ज्याला जेलकोट म्हणतात, त्यांत तंतू मुळींच नसतात. सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीचा हा थर कांचेच्या बांगडीइतका ठिसूळ असतो. बिटाची धार त्यांत रुतून त्याला वर उचलते, आणि तो फुटतो.

म्हणून भोक तुकतुकीत बाजूनेंच पाडावें. तेथें कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करावी, आणि मागें लांकडाचा ठोकळा घट्ट धरावा. नंतर ड्रिल प्रथम उलटें फिरवावें. ही युक्ति नवख्याला वेडेपणाची वाटते. पण उलटा फिरणारा बिट चावत नाहीं, नुसता खरवडतो, आणि जेलकोटमध्यें स्वच्छ खळगा होतो. जेलकोट संपला कीं सुलट फिरवून, बेताच्या दाबानें पुढें जावें. आधीं तीन मिलिमीटरचें भोक पाडून मग मोठें करणें उत्तम. वाटीसारख्या गोल करवतीलाही हाच नियम.

दिव्याचें वेडेंवांकडें भोक जिगसॉ करवतीनें कापावें लागतें, आणि तेथें खरी मेख आहे. तिच्या नेहमींच्या पात्याचे दांत वर येतांना कापतात. म्हणजे जेलकोट वरच्या अंगास असेल तर तोच उचकटतो. एक तर मागच्या बाजूनें कापावें, किंवा खालीं जातांना कापणारें पातें घ्यावें. कोपरे काटकोनी ठेवूं नयेत. धक्के बसले कीं चीर तेथूनच निघते. रेषेच्या दोन मिलिमीटर आंतून कापून उरलेलें कानशीनें घासावें, आणि कानस बाहेरून आंतच ढकलावी, उलट ओढूं नये.

कापलेली कड उघडी राहिली तर तंतूंवाटे पाणी आंत मुरतें. यासाठीं तिला रेझिनचा हात द्यावा. वऱ्हाडी उन्हाळ्यांत हार्डनर घातलेलें रेझिन पाहतां पाहतां वाटींतच घट्ट होतें. सकाळच्या गारव्यांत, थोडें थोडें कालवावें. स्क्रूपेक्षां भोक किंचित् मोठें असावें, व खालीं रुंद वायसर घालावा. फार आवळल्यानें निर्दोष भोकही तडकतें.

सर्वांत हयगय होते ती धुळीची. कांचेची ही पूड कातडीला खाज आणते, डोळ्यांत खुपते, आणि श्वासाबरोबर आंत जाते. तोंडाला बांधलेला पंचा तिला अडवीत नाहीं. धुळीसाठीं केलेला मुखपट्टा, चष्मा व लांब बाह्या हव्यात. उकाड्यामुळें शेजारीं कूलर लावून घरांतच काम करण्याचा मोह फार होतो. त्याच्या वाऱ्यानें ती पूड अंथरुणापासून फळ्यांवरील भांड्यांपर्यंत पोहोंचते. काम अंगणांत सावलींत करावें, अंग न चोळतां थंड पाण्यानें धुवावें, आणि त्या दिवसाचे कपडे मुलांच्या कपड्यांत न मिसळतां वेगळे धुण्यास टाकावे.