उन्हातला जुना ड्रम आणि आपले पिण्याचे पाणी

जळगावला वाघूर धरणाचे पाणी येते, धुळ्याला तापी योजनेचे आणि नकाणे तलावाचे. पण वस्तीतल्या नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे दारापुढे ड्रम भरून ठेवावाच लागतो. साठवण बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र आपला ड्रम कोणता आहे आणि तो कुठे ठेवला आहे, हे प्रत्येक घराने एकदा तपासावे.

रॉकेलचा प्लास्टिकचा कॅन आठवा. राखेने घासा, साबणाने धुवा, उन्हात ठेवला की वास पुन्हा येतोच. कारण रॉकेल प्लास्टिकच्या आत मुरलेले असते. कीटकनाशके, रंगाचे थिनर अशी रसायनेही तशीच मुरतात. बाहेर रसायन जास्त असले की प्लास्टिक ते ओढून घेते. पुढे त्यात स्वच्छ पाणी भरले की तेच हळूहळू सोडते. पाणी तापलेले आणि बरेच दिवस साठलेले असेल तर जास्त सुटते.

जपानच्या शास्त्रज्ञांनी 2001 मध्ये याचा पुरावा दिला. टोकियोच्या खाडीत त्यांनी प्लास्टिकचे कोरे दाणे सहा दिवस ठेवले. त्या दाण्यांत डीडीटीपासून तयार होणारे विषारी द्रव्य दिवसेंदिवस वाढत गेले. पांझरा-गिरणेच्या पात्रात अडकलेल्या पिशव्याही गटाराच्या पाण्यातून असेच काहीबाही शोषू शकतात.

आपल्याकडे त्यात ऊन भर घालते. खानदेशात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. उन्हाने प्लास्टिक कुजत नाही, पण ठिसूळ होते. ड्रमचा रंग उडतो, बोट फिरवले की पांढरी भुकटी हाताला लागते, बारीक भेगा पडतात. त्या भेगांत शेवाळ धरते, शिशासारखे धातू चिकटतात आणि प्लास्टिकचे कण पाण्यात उतरतात. पीव्हीसी पाइपांत तर शिसे मिसळण्याचीच पद्धत होती. त्यावर केंद्र सरकारने 2021 मध्ये नियम केले. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. तुरटीने गाळ बसतो. मुरलेल्या रसायनासाठी तिचा भरवसा धरू नये. म्हणून काळजी भांड्यापासूनच घ्यावी.

आपण एवढे करू शकतो :

• भंगारातला ड्रम घेताना आधी त्यात काय होते ते विचारा. सांगता येत नसेल तर पिण्याच्या पाण्यासाठी घेऊ नका.
• फवारणीच्या औषधाचा कॅन धुऊनही घरात वापरू नका.
• पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी माठात किंवा स्टीलच्या हंड्यात ठेवा.
• ड्रम सावलीत ठेवा. सावली नसेल तर गोणपाट टाका. झाकण घट्ट हवे, म्हणजे डासही होत नाहीत.
• भुकटी सुटलेला, भेगाळलेला ड्रम पिण्यातून काढा, झाडलोटीला वापरा.
• नवी टाकी घेताना आयएस 12701 हा शिक्का पाहा.
• जुने प्लास्टिक चुलीत जाळू नका; तो धूर विषारी असतो.

विहाराच्या गच्चीवरची टाकीही याच यादीप्रमाणे पाहून घ्या. तिचे पाणी साऱ्या वस्तीची मुले पितात.