शीर सापडत नाही तेव्हा
(मूत्रपिंडविकार समजून घेताना : भाग ७)

गेल्या भागात आपण डायलिसिसचं मशिन पाहिलं. त्या मशिनला मिनिटाला २५०-३०० मिलिलिटर रक्त सलग चार तास लागतं. सलाईन लावतात त्या शिरेतून एवढं रक्त येत नाही. म्हणून ऑपरेशन करून हातातली धमनी शेजारच्या शिरेला जोडतात. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत शिरलं की ती फुगते, तिची भिंत जाड होते आणि तिच्यात आठवड्यातून दोन-तीनदा जाड सुया टोचता येतात. हा फिस्टुला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा केला आणि १९६६ साली जगापुढे मांडला. आजही याहून टिकाऊ वाट नाही.

पण त्यासाठी शीर धड हवी. आपल्याकडे डायलिसिसला येणाऱ्यांत मधुमेही पुष्कळ. सत्तरीतली, बारीक मनगटाची एखादी बाई समोर येते. मनगटाजवळच्या धमनीच्या भिंतीत चुना साठून ती कडक झालेली असते. आधीच्या दोन-तीन ॲडमिशनमध्ये सलाईन आणि अँटिबायोटिक देऊन हाताच्या शिरा बुजलेल्या असतात. लॅबवाला सुई घेऊन चाचपत राहतो, आणि घरचे आधीच सांगून टाकतात, ‘यांची शीर सापडतच नाही.’

माझं म्हणणं आहे की या वाक्यावर लगेच विश्वास ठेवू नये. जाणकार सर्जन दंडाला पट्टा बांधून, हात उबेत ठेवून सावकाश तपासतो. शिरेवर एका जागी टिचकी मारायची आणि वरच्या बाजूला बोटाखाली लाट येते का पाहायचं. लाट आली, तर मधली वाट मोकळी आहे. मग डॉप्लर सोनोग्राफी. धमनी साधारण २ मिलिमीटर आणि पट्टा बांधलेली शीर २.५ मिलिमीटर असेल, तर फिस्टुला तयार होण्याची आशा बरी. मनगटाशी नाही जमलं तर कोपरापाशी पाहतात. दंडाच्या आतल्या बाजूला बॅसिलिक नावाची शीर खोल असते. खोल असल्यामुळे तिला सहसा कुणी सुई लावलेली नसते, म्हणून वरच्या सगळ्या शिरा संपल्या तरी ती अनेकदा शाबूत सापडते. तिला उचलून कातडीजवळ आणावं लागतं. त्यासाठी कधी दोन टप्प्यांत ऑपरेशन होतं आणि वेळही जास्त जातो, पण नुसत्या डोळ्यांनी हात पाहून ‘शिरा खराब’ असा शेरा मारला, तर ही शीर कुणी शोधतच नाही.

तीही नसेल तर कृत्रिम नळीचा ग्राफ्ट. तो दोन-तीन आठवड्यांत वापरता येतो, पण त्यात गुठळ्या आणि जंतुसंसर्ग फिस्टुलापेक्षा जास्त.

राहता राहिला पर्मकॅथ. मानेतल्या, शक्यतो उजव्या बाजूच्या, मोठ्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात आणि कातडीखालून छातीवर बाहेर काढतात. बसवल्या दिवसापासून चालतो, सुया टोचाव्या लागत नाहीत, म्हणून रुग्णाला तोच बरा वाटतो. धोका असा, की नळीतून जंतू थेट रक्तात जातात. शिवाय नळी घासून छातीतली मोठी शीर अरुंद झाली, की त्या बाजूचा हात सुजतो आणि पुढे त्या हातातला फिस्टुलाही नीट चालत नाही. याच कारणासाठी कॉलरबोनखालच्या शिरेत डायलिसिसची नळी घालणं टाळतात.

तरीही काही रुग्णांना पर्मकॅथच योग्य. फिस्टुलामुळे हृदयावर भार वाढतो. ज्याचं हृदय आधीच थकलं आहे त्याला तो झेपत नाही. ऐंशी पार केलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसावर तीन-तीन ऑपरेशनं करून फिस्टुला फुलायची वाट पाहणं मला क्रूर वाटतं. अमेरिकेत २००३ पासून ‘आधी फिस्टुला’ अशी मोहीम चालली होती. तिथल्याच २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र रुग्णाचं वय, प्रकृती आणि पुढचं आयुष्य पाहून क्रम ठरवायला सांगितलं. ही वाट बंद पडली तर पुढची कोणती, हेही आधीच ठरवून ठेवायचं. हा बदल मला मनापासून पटतो.

ज्यांचं क्रिएटिनिन वाढत चाललं आहे त्यांनी आजच एक करावं. ज्या हातानं लिहीत-जेवत नाही, त्या हातात सुई, सलाईन, काहीही घेऊ नये. रक्त द्यायचंच तर मनगटाच्या पुढे, हाताच्या पाठीवरून. सिस्टरला स्पष्ट सांगावं, संकोच करू नये. फिस्टुला झाल्यावर रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर जाणवते का पाहावं. थांबली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. गुठळी ताजी असताना ती काढता येण्याची शक्यता असते.

दोन्ही हात संपले की मांडीकडे वळतात. पण त्याआधी पोटाच्या डायलिसिसचा विचार व्हायला हवा, कारण त्याला शीर लागतच नाही. बऱ्याच घरांना हा पर्याय अगदी शेवटी कळतो. पुढच्या भागात त्याबद्दल.