शब्दाला साक्षीदार हवा

एखाद्या शब्दावरून वाद पेटला की शेवटी कोणीतरी कोश उघडतो. शब्द सापडला तर शुद्ध, नाही सापडला तर अशुद्ध, असा निवाडा होतो आणि वाद मिटतो. कोशकार म्हणजे भाषेचा न्यायाधीश, हे आपण इतके गृहीत धरलेले असते की त्याला तो अधिकार दिला कोणी, हे विचारायचे राहूनच जाते. इंग्रजीत ज्या कोशाचा शब्द अखेरचा मानतात, तो ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा कोश मात्र अगदी वेगळ्या समजुतीवर उभा राहिला. निकाल देणे हे आपले कामच नाही, आपले काम साक्षी गोळा करण्याचे, असे त्याच्या कर्त्यांनी ठरवले होते. त्या कोशाला अधिकार आला तो याच निर्णयामुळे, असे माझे म्हणणे आहे.

ही समजूत एका दिवसात आलेली नाही. सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ साली निघाला. भाषेची पडझड थांबवावी, तिला एका जागी स्थिर करावे, या उमेदीने त्याने काम हाती घेतले होते. बेचाळीस हजारांवर शब्द आणि लाखाहून अधिक अवतरणे हाताखालून गेल्यावर ही उमेद फोल होती, हे त्याने प्रस्तावनेत स्वतःच मान्य केले. पुढे १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच या धर्मोपदेशकाने त्या वेळच्या कोशांतील उणिवांवर निबंध वाचले आणि विचाराची दिशाच बदलली. कोशकार हा भाषेचा टीकाकार नसून इतिहासकार आहे, शब्द चांगला की वाईट हे त्याने ठरवू नये, तो केव्हा जन्मला, कसा बदलला, केव्हा मेला हे सांगावे, अशी त्याची मांडणी होती.

तत्त्व सांगणे सोपे होते, ते निभावणे फार अवघड गेले. याच तत्त्वावर सुरू झालेल्या ऑक्सफर्ड कोशाचा पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ साली तिशीतच वारला. नंतरच्या फ्रेडरिक फर्निव्हलकडे उत्साह अमाप होता, पण शिस्त कमी होती. १८७९ साली जेम्स मरे या शाळामास्तराने सूत्रे हाती घेतली तेव्हा जमलेल्या चिठ्ठ्या ठिकठिकाणी विखुरल्या होत्या, काही तर कायमच्या गेल्या होत्या. मरेने इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्या जगाला आवाहन केले: पुस्तके वाचा, शब्द जिथे भेटेल तिथले पूर्ण वाक्य चिठ्ठीवर उतरवा, सोबत साल, लेखक, पुस्तक, पान लिहा आणि पाठवा. घराच्या आवारात पत्र्याची खोली बांधून तिच्या भिंतींना लाकडी खण केले होते. अशा लाखो चिठ्ठ्या तिथे लागत गेल्या. कामाचा क्रम फार महत्त्वाचा आहे. एका शब्दाच्या चिठ्ठ्या आधी कालानुक्रमे लावायच्या, मग अर्थाच्या छटांनुसार त्यांचे गठ्ठे करायचे आणि व्याख्या अगदी शेवटी लिहायची. अर्थ संपादकाच्या डोक्यातून चिठ्ठीवर उतरत नसे, तो चिठ्ठ्यांतून वर यायचा. दहा वर्षांत काम उरकेल असा अंदाज होता. पाच वर्षांनी, १८८४ साली, ३५२ पानांचा पहिला भाग निघाला तेव्हा गाडी ‘ॲन्ट’ म्हणजे मुंगीपर्यंत पोचली होती. मरे १९१५ साली गेला. कोश पुरा झाला १९२८ साली: चार लाखांवर शब्द आणि अठरा लाखांहून अधिक अवतरणे.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा आहे. लोक बोलतात ते सगळे नोंदवायचे, तर चुकीला प्रतिष्ठा मिळणार नाही का? १९६१ साली अमेरिकेत वेबस्टरच्या कोशाची तिसरी मोठी आवृत्ती निघाली, तेव्हा ‘एन्ट’ (ain't) यासारख्या अशिष्ट मानलेल्या रूपाची नोंद सरसकट निषेध न करता केली, म्हणून वृत्तपत्रांनी संपादक फिलिप गोव्ह याला झोडपून काढले. हा राग मला समजतो, पण पटत नाही. नोंद म्हणजे शिफारस नव्हे. शब्द बोलीतला आहे, जुना झाला आहे, शिवराळ आहे, हे कोश सांगतो आणि सांगायलाच हवे. ते वाचून कुठे काय वापरावे हे वाचक ठरवू शकतो. शिवाय आजची शुद्धता पुष्कळदा कालची चूकच असते. ‘नाइस’ या शब्दाचा इंग्रजीतला जुना अर्थ ‘मूर्ख’ असा होता. तेव्हा कोणी पहारेकऱ्याने त्याला त्याच अर्थाला बांधले असते, तर आज सारे इंग्रज तो शब्द चुकीचा वापरतात असे म्हणावे लागले असते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला सहज उत्तर नाही. साक्षीदार निवडले कोणी? मरेच्या वाचकांनी मुख्यतः छापील पुस्तके वाचली, त्यातही नामवंत लेखकांची. ‘अपेंडिसायटिस’ हा शब्द निव्वळ वैद्यकी परिभाषा म्हणून बाहेर राहिला आणि १९०२ साली त्याच दुखण्यामुळे सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक लांबला तेव्हा तो घरोघरी पोचला. ‘बाँडमेड’ हा दासीसाठीचा शब्द तर चिठ्ठ्या हरवल्यामुळे सुटला. सर्वांना ठाऊक असलेल्या काही शिव्या १९७२पर्यंत छापल्याच गेल्या नाहीत. १९७२ ते १९८६ या काळात चार खंडांची पुरवणी काढणाऱ्या रॉबर्ट बर्चफील्डला जगभरच्या इंग्रजीचा कैवारी मानत. पण सेरा ओगिल्वी या अभ्यासिकेने नमुना तपासून दाखवले, की १९३३च्या पुरवणीतले परकीय आणि प्रादेशिक शब्द त्याने बऱ्याच प्रमाणात, सुमारे १७ टक्के, गाळले होते.

म्हणजे साक्षीच्या नावाखालीही पक्षपात चालतो. मला ते मान्य आहे. पण तो उघडकीस कसा आला, हेही पाहावे. जुनी पुरवणी आणि नवी पुरवणी शेजारी ठेवून ताडता आली, म्हणून आला. ‘मला योग्य वाटते’ एवढ्यावर रचलेल्या कोशात ताडायला काहीच नसते. ‘बाँडमेड’ १९३३ साली आत आला, शिव्या आल्या, गाळलेले शब्दही परत घेता येतात. मरेने स्वतःच लिहून ठेवले होते, की भाषेचा गाभा स्पष्ट असतो, पण तिची कड कुठे संपते हे कोणालाच आखता येत नाही. त्या कडेवरून आत आलेला एक शब्द आपल्या ओळखीचा आहे. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा आपला मुंगूसच, पोर्तुगीजांच्या तोंडून तिकडे गेलेला. त्याला कोणी परवाना दिला नाही, लोकांनी तो वापरला, तेवढे पुरले.

आता तिसरा प्रश्न येतो: संगणक कोट्यवधी वाक्ये क्षणात चाळत असताना चिठ्ठ्यांचे कौतुक कशाला? बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअरच्या नेतृत्वाखाली संगणकातल्या मजकूरसंग्रहावर बेतलेला कोबिल्ड कोश १९८७ साली निघाला, तेव्हापासून हे काम खरोखर बदलले. नेहमीचे, साधे शब्द लोक प्रत्यक्षात कसे वापरतात हे त्यातून प्रथमच स्वच्छ दिसले, कारण चिठ्ठ्या लिहिणारा वाचक चमत्कारिक शब्द टिपतो आणि साध्यावरून पुढे जातो. साक्षीदार वाढले, ही मोठीच भर आहे. तरी एक अर्थ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे मोजणीतून कळत नाही. १९८९च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या तीन अक्षरी क्रियापदाच्या चारशेवर छटा वेगळ्या केल्या आहेत. ते विवेकाचे काम आहे आणि ते माणसालाच बसून करावे लागले.

ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीच्या नोंदी २००० सालापासून इंटरनेटवर येऊ लागल्या. सुरुवात ए या अक्षराने न करता एमने केली, कारण पहिल्या अक्षरांच्या वेळी मरेची पद्धत अजून बसायची होती. या कोशात जुना शब्द मेला तरी ‘मेलेला’ म्हणून त्याची नोंद राहते. म्हणून असा कोश उघडाल तेव्हा व्याख्येवर थांबू नका. खालची अवतरणे सालानुसार वाचत जा, आणि अर्थ पटला नाही तर साक्षीदाराची उलटतपासणी करा.