आधी विचारा, केडगाव कोणते?

2023 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि पुढे कुणबी नोंदींसाठी राज्यभरातली जुनी दप्तरे उघडली गेली. निमित्त कुणबी जातीच्या दाखल्याचे होते. पण पणजोबांचे नावही ठाऊक नसलेल्या घरांत जुने कागद निघाले, मोडी वाचणाऱ्याचा शोध सुरू झाला. ही ओढ मोलाची आहे. म्हणूनच ती चुकीच्या कुळात जाऊन अडकू नये असे वाटते.

पहिली फसगत गावाच्या नावाची. ‘आमचे मूळ केडगावचे’ एवढ्यावर माणूस निघतो. एक केडगाव अहिल्यानगर शहराला लागून, पुणे रस्त्यावरचे, रेणुकामाता देवीचे. आता ते महापालिकेच्या हद्दीत आहे. दुसरे पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, रेल्वे स्टेशन असलेले. दुष्काळात पोरकी झालेली पणजी ‘केडगावच्या आश्रमात वाढली’ असे घरात सांगत असतील, तर ते बहुधा पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन, म्हणजे दौंडचे केडगाव. नगरच्या तहसिलीत तिची नोंद शोधणे म्हणजे श्रम वाया. गावाबरोबर तालुका, पेठ, ग्रामदैवत, शेजारची गावे विचारून घ्यावीत.

गाव पक्के झाले की राज्य कोणाचे होते ते पाहावे. नगर 1818 पासून इंग्रजी अमलात. पण नगरकरांच्या सोयरिकी आष्टी-पाटोद्याकडे पुष्कळ, आणि तो मुलूख 1948 पर्यंत निजामाचा. तिथले महसुली दप्तर बरेचसे उर्दूत. मोडी वाचणारा तिथे पुरत नाही.

दुसरी मोठी चूक वरून खाली येण्याची. बखरीतला एखादा सरदार आपल्या आडनावाचा निघतो आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंत रेघ ओढली जाते. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही तर वतने; एकाच आडनावाची शेकडो घराणी एकमेकांची कोणी लागत नाहीत. स्वतःपासून सुरुवात करावी, मग वडील, मग आजोबा. प्रत्येक जोडाला एक कागद हवा. तो मिळेपर्यंत पुढची पिढी पेन्सिलीनेच लिहावी. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत असल्याने ‘रामा बिन बापू’ (बापूचा मुलगा रामा) आणि ‘बापू बिन रामा’ एकाआड एक येत राहतात. सर्व्हे नंबर जुळल्याशिवाय कोणता रामा ते कळत नाही.

फेरफार हा या कामातला सर्वांत बोलका कागद. वारस नोंदीच्या फेरफारात मयताचे नाव, वारस, नाते, कधी मृत्यूची तारीखही सापडते. पण तो वाचावा लागतो सावकाश. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. सातबाऱ्यावर थोरल्याचे एकट्याचे नाव दिसले म्हणून धाकटे भाऊ नव्हतेच असे ठरत नाही. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्या ठिकाणी चुलत्याचे नाव असते आणि घाईत वाचणारा त्यालाच बाप समजतो. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घही पाळलेले नसते. ‘बिन’ किंवा ‘वलद’ नावातच मिसळून वाचले गेले की एक भलताच पूर्वज जन्माला येतो. दत्तक गेलेला मुलगा दोन घरांत दोन नावांनी भेटतो, हेही ध्यानात असू द्यावे.

सनांचे गणित आधी करावे. शकात 78 मिळवले की इसवी सन, दख्खनच्या फसलीत, म्हणजे महसुली सनात, 590. वर्ष चैत्रात किंवा मृगाला पालटत असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो. शके 1792 आणि फसली 1280 या दोन्ही नोंदी साधारण 1870-71 च्याच. शाळेच्या जनरल रजिस्टरातली 1 जून ही जन्मतारीख मात्र खरी धरू नये. कित्येकांची ती गुरुजींनी घातलेली असते. जुना गाव नमुना 14, म्हणजे तेव्हाचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर, अधिक भरवशाचे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या हे आपले मोठे धन. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये बाड काढतात. तिथे सध्याचे नव्हे, मूळ गाव सांगावे. यात्रेकरूने स्वतः सांगितलेल्या दोन-तीन पिढ्या विश्वासाच्या, त्यामागच्या ऐकीव.

दूर गेलेल्यांचेही माग राहतात. मॉरिशसला मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, रजिस्टरे आहेत. त्यांत मराठी मजुराचे नाव कारकुनाच्या कानाला जसे पडले तसे उतरले. तिथले आडनाव इथल्या आडनावाशी जुळवताना बापाचे नाव आणि गाव दोन्ही लागतात.

आणि बायका? वंशवेलीत पुरुषांची नावे, फार तर ‘सौ.’ म्हणून लग्नानंतरचे एक नाव. निम्मे कुळ असे आपणच पुसले. मला यापेक्षा गंभीर चूक दिसत नाही. ‘गंगाबाई कोम रामजी’ या नोंदीतून नवरा कळतो, माहेर कळत नाही. ते सापडते बहिणींची नावे असलेल्या वारस फेरफारात, बक्षीसपत्रात, हक्कसोडपत्रात, आणि माहेरच्या गावच्या नामावळीत. हक्कसोडपत्रावर तर पुष्कळदा तिचा अंगठाही असतो, शेजारी माहेर-सासर दोन्ही नावे. नोंदणी कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. घरातल्या थोरल्या आत्याला, मावशीला तिच्या आईचे माहेरचे नाव, गाव आणि कुलदैवत या दिवाळीतच विचारून वहीत तारीख घालून लिहून घ्यावे. ते सगळे एकत्र कोणत्याही सरकारी नमुन्यात लिहिलेले नसते.