म्हणींतील सासू, सून आणि सवत



पश्तू भाषेंत एक म्हण आहे : बाईची जागा एक घर, नाहीं तर कबर. ‘कोर’ म्हणजे घर, ‘गोर’ म्हणजे कबर. यमक जुळलें आणि निकालही लागला. तें ऐकून पठाणांना नांवें ठेवण्याची आपणांस घाई होते. पण आपल्या म्हणी काय सांगतात?

मराठी म्हणींतली बाई बहुधा दुसऱ्या बाईशींच भांडत असते. ‘लेकी बोले सुने लागे’ घ्या. लेकीला टाकून बोललें तरी ती आपलीच; म्हणून सासू बोलते तिला आणि घाव बसतो सुनेला. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ या म्हणींत तर राज्यकारभाराची पाळीच लावून दिली आहे. (हे चार दिवस पुष्कळदां वीस वर्षांचे असत!) भांडण चुलीचें आणि कोठाराच्या किल्ल्यांचें. शेतवाडी सहसा पुरुषाच्या नांवें. बाईची सत्ता काय ती एवढीच. परंतु तो घरधनी या म्हणींत कोठें दिसतच नाहीं.

मॅनवेअरिंग या मिशनऱ्यानें 1899 सालीं मराठी म्हणी इंग्रजी भाषांतरासह ऑक्सफर्ड येथें छापविल्या. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ 1942 व 1947 सालीं निघाला. संग्राहकानें बरेंवाईट सारेंच टिपावें. शिक्षकाला मात्र समोर कोण बसलें आहे हें पाहावें लागतें.

तें मीं पाहिलें नाहीं. ‘नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे’ ही म्हण मत्सराचा नमुना म्हणून मी वर्षानुवर्षें हंसत शिकवीत आलों. आमचा पांढरकवड्याचा मुलूख कपाशीचा. कर्जापायीं जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या तरुण विधवा येथें गांवोगांवीं आहेत. एकदां वर्ग हंसला आणि एक मुलगी वहींत मान घालून बसली. तिचे वडील त्याच वर्षीं गेले होते. तास संपल्यावर तिनें विचारलें, “गुरुजी, ही म्हण बाईनें केली कीं पुरुषानें?”

मला उत्तर देतां आलें नाहीं. म्हणीला कर्त्याचें नांव नसतें. बाईचा स्वतःचा शब्द ऐकावयाचा तर जात्यापाशीं बसलें पाहिजे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं खेडोपाडीं फिरून एक लाखावर ओव्या जमविल्या. त्यांत सासुरवास आहे, तशी माहेरची ओढ आहे, आणि म्हणींतून गायब झालेला पुरुषही आहे. पठाणांच्या बायकांचींही अशीं दोन ओळींचीं गाणीं आहेत. त्यांना ‘लंडई’ म्हणतात.

पुढल्या वर्षीं ती म्हण मीं गाळली नाहीं. फळ्यावर आधीं त्या मुलीचा प्रश्न लिहिला आणि मग म्हण.