तान्या मोइसेविच आणि स्ट्रॅटफर्डचा मंच

कॅनडातील स्ट्रॅटफर्ड नाट्यमहोत्सवाचा मंच तान्या मोइसेविच (१९१४–२००३) या ब्रिटिश नेपथ्यकार स्त्रीने आखला. लंडनमध्ये जन्मलेल्या तान्या यांची सुरुवातीची काही वर्षे डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरमध्ये गेली होती. ऑन्टॅरिओ प्रांतातले स्ट्रॅटफर्ड हे तेव्हा रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीवर जगणारे छोटे गाव. तिथे शेक्सपिअरचा महोत्सव भरवायचे टॉम पॅटरसन या स्थानिक पत्रकाराने मनावर घेतले. त्याने दिग्दर्शक टायरोन गथ्री यांना बोलावले, आणि गथ्रींनी तान्यांना. १३ जुलै १९५३ रोजी एका मोठ्या तंबूत 'तिसरा रिचर्ड'चा प्रयोग झाला. मुख्य भूमिकेत अ‍ॅलेक गिनेस होते.

या मंचाला कमान नव्हती, दर्शनी पडदा नव्हता, रंगवलेली दृश्ये टांगायला जागाही नव्हती. पायऱ्यापायऱ्यांचा लाकडी चौथरा प्रेक्षकांत घुसलेला, तिन्ही बाजूंना उतरती आसने. मागे खांबांवर पेललेला सज्जा, आणि प्रेक्षागृहाखालून येणारे दोन बोगदे, ज्यांतून अख्खे सैन्य धावत मंचावर येऊ शके. राजवाडा, रणांगण, तुरुंग यांपैकी काहीच वेगळे उभारायचे नव्हते. स्थळ बदलले हे नटाच्या हालचालीतून आणि शब्दांतूनच कळे. १९५७ मध्ये तंबूच्या जागी पक्की इमारत आली, पण मंचाचा आराखडा तोच ठेवला गेला.

कॅनडाच्या नेपथ्यकलेवर त्याचा परिणाम खोलवर झाला. मागे देखावा नसल्याने आणि प्रेक्षक हाताच्या अंतरावर असल्याने सगळा भार वेशभूषा, पादत्राणे, शस्त्रे आणि हातातल्या वस्तूंवर आला. कापडाचा पोत, शिवण, झीज, सगळे जवळून दिसे. 'ईडिपस'साठी (१९५४) तान्यांनी केलेले मोठे मुखवटे याच विचारातले. महोत्सवाच्या कार्यशाळांत शिंपी, चर्मकार, मुखवटे घडवणारे यांच्या हाताला कसब आले. या मंचाचे खरे देणे तेच म्हणावे लागेल.

१९६२ मध्ये तान्यांनीच नेपथ्यकार ब्रायन जॅक्सन यांच्यासह सज्ज्याखालचे काही खांब कमी केले. मिनिआपोलिसचे गथ्री थिएटर (१९६३) आणि शेफील्डचे क्रूसिबल (१९७१) या नाट्यगृहांतही त्यांनी असाच मंच उभारला. पुढे कॅनडात राष्ट्रीय अस्मितेचा प्रश्न तीव्र झाला. १९७४ मध्ये रॉबिन फिलिप्स या इंग्लिश दिग्दर्शकाची महोत्सवप्रमुख म्हणून निवड होताच तिथल्या नाट्यकर्मींनी उघड विरोध केला. रोष नेमणुकीवर होता. लाकडी चौथरा मात्र तोवर कॅनेडियन रंगभूमीने आपला मानलेला होता.