मुंग्या, बांबू आणि बूस्टर

साबणाच्या डबीएवढा प्लास्टिकचा खोका, पुढच्या अंगाला तांबडा दिवा आणि एक फिरवायची गोल कळ. मागे चार स्क्रू. दोघांना अँटेनाची चपटी वायर, दोघांना टीव्हीकडे जाणारी. उघडून पाहिलं तर आत एक-दोन ट्रान्झिस्टर, तांब्याच्या तारेची चार वेटोळी आणि मसुराएवढे कपॅसिटर, बस्स. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हा खोका टीव्हीच्या डोक्यावर, बहुतेक वेळा भरतकामाच्या रुमालावर, विराजमान असे. त्याचं नाव बूस्टर. तो चालू आहे हे दिव्यावरून कळे. त्याचा उपयोग होतोय की नाही, यावर मात्र घरात दोन तट असत.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं आणि पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. जागा नेमकी निवडली होती. गड समुद्रसपाटीपासून १३०० मीटर उंच, आणि टीव्हीच्या लहरी डोंगराला फारसा वळसा घालत नाहीत. ढोबळमानाने सांगायचं तर जिथून मनोरा दिसू शकेल तिथे चित्र. त्यामुळे सिंहगडासमोरच्या गच्चीवर साध्या अँटेनावर 'गजरा' हा कार्यक्रम स्वच्छ दिसे, आणि त्याहून जवळच्या, पण टेकडीच्या आड बसलेल्या वाडीत पडद्यावर नुसत्या मुंग्या. सह्याद्रीच्या घड्यांनी प्रेक्षकांची अशी वाटणी करून टाकली होती.

या मुंग्यांवरचा पहिला उपाय म्हणजे उंची. घरावर बांबू, बांबूवर जीआय पाइप, पाइपवर ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा सांगाडा. हा सांगाडा मूळचा जपानी. तोहोकू विद्यापीठातल्या शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास तो मांडला. मुंबई केंद्र चार नंबरच्या चॅनेलवर होतं, म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. त्या लहरीची लांबी साडेचार-पावणेपाच मीटर, आणि अँटेनाची मुख्य कांडी त्याच्या निम्म्याला जवळ. म्हणून त्या काळच्या अँटेना माणसाहून लांब असत. कावळ्यांना बसायला ऐसपैस आणि संक्रांतीच्या पतंगांना अडकायला त्याहून सोयीच्या.

दुसरा उपाय बूस्टर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तो मिळे. दुकानदार ग्राहकाला पहिला प्रश्न गावाचं नाव विचारी आणि उत्तर काहीही आलं तरी बूस्टर काढून ठेवी.

तो करायचा काय? आलेला सिग्नल मोठा. वीस डेसिबलचा बूस्टर म्हणजे शक्ती शंभरपट. ऐकायला हे जबरदस्त वाटतं, आणि गैरसमजाचं मूळही इथेच आहे. पडद्यावरच्या मुंग्या म्हणजे गोंगाट. थोडा अँटेनातून येणारा, थोडा वायरमध्ये आणि टीव्हीच्या पहिल्या टप्प्यात तयार होणारा. बूस्टर चित्रही शंभरपट करतो आणि तोवर त्यात मिसळलेल्या मुंग्याही शंभरपट करतो, वर स्वतःच्या चार मुंग्या सोडतो. बेल प्रयोगशाळेतल्या हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये याचं गणित मांडलं. साखळीतला पहिला ॲम्प्लिफायर जितका शांत, तितकी पुढची सगळी साखळी शांत. मागून कितीही जोर लावला तरी सुरुवातीला बिघडलेलं सुधारत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की बूस्टर हवा बांबूच्या टोकाला, अँटेनाच्या पायाशी. गच्चीतून खाली येणाऱ्या पन्नास-साठ फूट वायरीत सिग्नल झिजतो. चपटी वायर पावसात भिजली की आणखी झिजतो. कोकणात खाऱ्या हवेने जोडावर हिरवा कळंक चढला की विचारूच नका. झिजण्याआधीच सिग्नल उचलला तर बूस्टरचं सोनं होई. अँटेनाशी बसणारे बूस्टर मिळतही. त्यांना लागणारी वीज खालून त्याच केबलमधून वर चढवली जाई. पण त्यासाठी पाइप उतरवा, डबी पावसापासून झाका, जोड पक्के करा, आणि एवढं करून तांबडा दिवा पाहुण्यांना दिसणार नाही तो नाहीच. म्हणून बहुसंख्य बूस्टर टीव्हीवरच बसले. साखळीच्या शेवटी, जिथे करण्यासारखं फार थोडं उरलेलं असे.

तरी तिथेही तो अगदी निरुपयोगी नव्हता, हेही सांगायला हवं. जुन्या टीव्हीचा ट्यूनर स्वतःच बराच गोंगाट करी. बूस्टर त्याच्यापेक्षा शांत असला, तर मुंग्या थोड्या विरत आणि बातम्या देणाऱ्याचा चेहरा ओळखू येई. एका अँटेनावर वाड्यातले दोन-तीन टीव्ही जोडले असले, तर वाटणीत जाणारा सिग्नल तो भरून काढी. नुकसान होई ते उलट्या ठिकाणी. मनोऱ्याजवळच्या घरात हौसेने लावलेला बूस्टर टीव्हीला इतका सिग्नल पाजी की चित्र फाटे आणि आवाज भुणभुणे. स्वस्त बूस्टरची कळ जास्त फिरवली की तो स्वतःच प्रक्षेपण करू लागे. मग शेजाऱ्यांच्या पडद्यावर तिरप्या रेघा आणि जिन्यात भांडण. गुन्हेगार कोण, हे दिवा विझवून पाहिल्याशिवाय कळत नसे. उंच इमारतींवरून परतलेल्या लहरींमुळे निवेदिकेशेजारी तिची फिकट सावली उभी राही. त्यावर तर बूस्टरचं काहीच चालत नसे. तो सावलीलाही तितकंच बळ देई.

किनाऱ्यावरची कथा वेगळी. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर गरम-कोरड्या आणि दमट हवेचे थर एकावर एक बसतात आणि लहरी त्या थरांमधून पन्हळीतून पाणी जावं तशा क्षितिजापलीकडे जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारला याच वाटेने हजार मैलांहून दूरचा अरबस्तानचा किनारा दिसल्याची नोंद रडारशास्त्राच्या पुस्तकांत आहे. पुढे याच वाटेने एखाद्या एप्रिल-मेच्या संध्याकाळी कराचीचं वा आखातातलं केंद्र मुंबई-कोकणच्या पडद्यावर डोकावून जाई. श्रेय अर्थातच बूस्टरला मिळे. पहिल्या पावसाबरोबर ते केंद्र जाई आणि बूस्टर बिघडला म्हणून दुरुस्तीला जाई.

बूस्टरची खरी भरभराट १९८२ नंतरची. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी रंग आले आणि रंगांनी गरज वाढवली. कमजोर सिग्नलवर कृष्णधवल चित्र निदान कळे, रंगीत टीव्हीवर मात्र रंगच गळून पडत. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह आकाशात गेला आणि १९८४ मध्ये काही महिने जवळजवळ रोज एक लघुशक्ती प्रक्षेपक देशात कुठे ना कुठे उभा राहत होता. हा प्रक्षेपक साधारण १०० वॅटचा. उपग्रहाकडून घ्यायचं, वाढवायचं, पंचवीस-एक किलोमीटरांत पसरायचं. म्हणजे सरकारनेच तालुक्याच्या डोक्यावर बसवलेला बूस्टर. आणि तो योग्य ठिकाणी बसवला होता. पण गाव पंचविसाव्याऐवजी तिसाव्या किलोमीटरवर असलं, तर घरचा बूस्टर आलाच. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं, तेव्हा ज्या घरात टीव्ही त्या घरात अख्खी आळी जमे. ऐन युद्धात मुंग्या आल्या तर पोराला कौलांवर चढवत आणि थोरांपैकी कोणी बूस्टरला दोन टपल्या मारी. टपलीने सैल जोड क्षणभर नीट बसे, म्हणून हा उपचार लागू पडे आणि टिकून राही.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि बांबू उतरले. केबलवाल्याने खांबाखांबावर ॲम्प्लिफायरचे पत्र्याचे डबे टांगले, तोच हिशेब, फक्त डोकेदुखी त्याची. त्यानंतर छत्र्या आल्या. छत्रीच्या तोंडाशी जो एलएनबी असतो, त्याच्या नावातच 'कमी गोंगाट' आहे. उपग्रहाचा क्षीण सिग्नल तो जागच्या जागी वाढवतो, वायरीत झेपेल अशा फ्रिक्वेन्सीवर उतरवतो, आणि १३ किंवा १८ व्होल्ट वीज खालून त्याच केबलमधून घेतो. म्हणजे बूस्टर अखेर जिथे असायला हवा होता तिथे पोचला. त्याला कोणी बूस्टर म्हणत नाही आणि त्याला दिवाही नाही.

जमिनीवरून होणारं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने आवरलं. सामरिक महत्त्वाच्या जागांवरचे पन्नासेक प्रक्षेपक वगळून बाकीचे मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचं ठरलं होतं. माळ्यावर अजून तो खोका सापडला, तर वाचकाने एकदा स्क्रू काढून आत जरूर पाहावं. दिवा बहुधा अजून लागेल.